लाटसाहेबाची खोली नको

मला हसू आवरत नाही. आता वय झालं म्हणून लोक कौतुकानं म्हणतात, आजी किती हसऱ्या आहेत. पण लग्नाआधी माझ्या याच हसण्यापायी आमच्या घरात रडारड व्हायची. मला पाहायला आलेली दोन स्थळं त्यानं परत गेली होती. पहिल्या वेळी मुलाच्या वडिलांनी अगदी गळा साफ करून विचारलं, "सैपाक येतो का?" आणि नेमकी तेव्हाच आमच्या शेळीनं खिडकीतून तोंड घालून त्यांची टोपी ओढली. तेव्हा कुणीही हसलं असतं. दुसऱ्या वेळी मात्र काहीच झालं नव्हतं. सगळे गप्प बसले होते, एवढंच. इतकी माणसं एका ठिकाणी इतकी गप्प बसलेली पाहून मला जे हसू फुटलं ते पाहुणे उठून एस.टी.त बसेपर्यंत थांबलं नाही.

आमचं गाव शिरूरजवळ, घोड नदीच्या काठाला. आबा गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे आमच्याकडची बातमी इतरांपेक्षा जरा लवकरच पसरायची. पोरगी खुळी आहे असा बोभाटा झाला. शिरूरच्या पेठेतला एक बिजवर होता, माझ्या दुप्पट वयाचा, सदा कपाळाला आठ्या. तो निरोपावर निरोप पाठवत होता. आबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि आबांचं नाही न म्हणणं म्हणजे काय हे मला चांगलं कळत होतं.

अशात भांडगावच्या मामानं तिसरं स्थळ आणलं. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेत होता. वडील वारलेले, घरात आई आणि काका. मामानं फोटो आणला होता. दहाबारा रेल्वेची माणसं बाकावर ताठ बसलेली, सगळ्यांचे चेहरे घरात कुणी गेल्यासारखे, आणि कडेला उभा असलेला हा एकटाच हसू दाबून धरल्यासारखा. मी तो फोटो चुलीमागच्या फडताळात ठेवला आणि भाकरी थापताना रोज बघत राहिले. डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून तो तसा दिसत होता, हे मला लग्नानंतर कळलं. पण तेव्हा मला हाच नवरा हवा होता. दुसरा कुणी नको, बिजवर तर नकोच नको.

मुलीला पाहायला मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी यायचं, ही आपली रीत. पण मुलाचे काका मोठे मानी. म्हणाले, आम्ही रेल्वेची माणसं, शिरूरला रेल्वे नाही, एस.टी.त हाडं खिळखिळी करून घ्यायला आम्ही येणार नाही. आबा म्हणाले, माझी पोरगी कुर्डुवाडीला जाऊन दाखवून घेणार नाही. मामानं दोघांच्या मधलं गाव काढलं, दौंड. जंक्शन आहे, तिथल्या वेटिंगरूममध्ये बघण्याचा कार्यक्रम उरकू. हे ऐकून आबांचा पारा चढला.

"फलाटावर दाखवायची व्हय रं माझी पोरगी? हमालांच्या देखत?" ते म्हणाले. "दौंडला त्ये थोरलं हॉटेल हाय न्हवं साहेबांचं? तिथं खोली घ्यायची. एक दिस आधी जाऊ, पोरगी ताजीतवानी व्हईल."

निघायच्या आदल्या दिवशी आईनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "म्हन, परवा हसनार न्हाई. हसलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी शपथ घेतली. हात थरथरत होता, आणि खरं सांगायचं तर तो हसू दाबल्यामुळेच थरथरत होता.

दौंडचं ते हॉटेल म्हणजे एक प्रकरणच होतं. इंग्रजांच्या अमदानीत मनमाडकडे जाणारे साहेबलोक दौंडला गाडी बदलायचे. मधला वेळ काढायला त्यांच्यासाठी कुणा पारशानं ते बांधलं होतं. दगडी भिंती, वर लाल कौलं, पुढे घोडागाडी आत येईल एवढा पोर्च, आणि शिसवी लाकडाचा असा गुळगुळीत जिना की आईनं वहाणा काढून हातात घेतल्या. राज्य गेलं, साहेब गेले, पण हॉटेलनं काही ते मनावर घेतलं नव्हतं. झुंबरं रोज पुसली जात, पितळी घंटा चकाकत, आणि दिवाणखान्यात लाल मखमलीच्या खुर्च्या साहेब आत्ता येईल अशा तयारीत बसलेल्या असत.

आम्हाला घ्यायला एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी दाढी, पांढरा कोट, त्याला पितळी बटणं. मॅनेजर म्हणा, खानसामा म्हणा, तिथलं सगळं तेच बघत. ते मूळचे दौंडचेच. त्यांचे वडीलही याच हॉटेलात होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमच्या धोतराकडं, गाठोड्याकडं, आईच्या हातातल्या वहाणांकडं त्यांनी पाहिलं, पण कपाळाला एक आठी पडू दिली नाही. उलट म्हणाले, "हुजूर, लेकीच्या शुभकामाला आलाय. मी तुमाला पयल्या नंबरची खोली देतो. लाटसाहेब तिथं राहिलेत."

पहिल्या नंबरची खोली उघडली आणि मी दारातच उभी राहिले. आमचं अख्खं घर त्यात मावलं असतं, शेळीसकट. मधोमध चार खांबांचा पलंग, त्यावर मच्छरदाणी ढगासारखी गोळा करून बांधलेली. गादी एवढी उंच की चढायला लाकडी पायरी ठेवलेली. आबांनी बैलबाजारात बैल पाहावा तशी खोली पाहायला सुरुवात केली. भिंतीवर थाप मारली, खिडकीची कडी वाजवली, गादीवर मूठ दाबली. मूठ आत गेली ती मनगटापर्यंत.

"ह्यात माणूस झोपला तर सकाळी हुडकायचा कसा?" आबा म्हणाले.

आईचं लक्ष कोपऱ्यातल्या दाराकडं होतं. "त्ये दार कसलं?"

"गुसलखाना, बाईसाहेब. न्हाणीघर. अंदरच हाय, बाहेर जायाची तकलीफ नाही."

"आन् संडास?"

"तोबी अंदरच," चाचा अभिमानानं म्हणाले.

आईनं पदर नाकाला लावला. आतून फिनेल आणि गुलाबाच्या साबणाचा वास येत होता, पण आईला तो पटण्यासारखा नव्हता. आबा आत डोकावले. पांढरंशुभ्र चिनी मातीचं ते विलायती आसन, त्याच्यावर लाकडी झाकण, वर लोखंडी टाकी आणि टाकीतून लोंबणारी साखळी. आबांनी साखळी ओढली. जो काही गडगडाट झाला, त्यानं आबा दोन ढांगांत पलंगापाशी आले.

"धरन फुटलं का काय?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"लाटसाहेब ह्या खोलीत ऱ्हायलं?" आईनं विचारलं. "संडासाच्या शेजारी झोपलं? आन् जेवलं कुठं?"

"इथंच, बाईसाहेब. मीच ताट आणत होतो."

आईनं आबांकडं पाहिलं. इंग्रजांचं राज्य का गेलं हे तिला त्या क्षणी समजलं असावं. "लाटसाहेबाची खोली नको," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

चाचांचा चेहरा पडला. पण हिंमत न हारता त्यांनी दुसरी खोली उघडली. तिथं पलंग असा होता की झोपलं तर पाय दक्षिणेला, आणि पलंग इतका जड की चौघांना हलला नसता. दक्षिणेला पाय करून कोण झोपतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या खोलीत पलंगाच्या उशाशी भिंतीवर काळविटाचं मुंडकं, काचेच्या डोळ्यांनी थेट उशीकडं बघणारं. आई म्हणाली, "मेल्याला कुनी जाळलं पन न्हाई?" चौथ्या खोलीत उघड्या खांद्यांच्या एका मडमेची भलीमोठी तसबीर होती. आबा तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिले, म्हणून ती खोली आईनं आत न जाताच नापसंत केली. पाचव्या खोलीत सगळ्या भिंतीएवढा आरसा. त्यात आम्ही तिघं एका रांगेत उभे दिसलो, आबांच्या काखेत गाठोडं, आईच्या हातात वहाणा, माझ्या तोंडात पदर. मी तिथून पळतच बाहेर आले.

पळत आले ती मागच्या बाजूच्या व्हरांड्यात. खाली अंगण होतं. शेणानं सारवलेलं, त्यात कडुनिंब, दगडी विहीर, विहिरीपाशी धुणं धुवायचा दगड, आणि एका ओळीत बसक्या खोल्या. दारात सुंभाच्या बाजा टाकलेल्या. आई माझ्या मागून आली आणि कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! ही बघा खोली!"

आबाही आले. त्यांनी खाली पाहिलं, मग चाचांकडं वळून पाहिलं, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "अस्सं. एवढ्या झकास खोल्या मागं दडवून ठेवल्या व्हय? आन् आमाला ती मुंडकी दाखवताय?"

"हुजूर, त्या खोल्या तुमच्यासाठी नाहीत," चाचा घाईघाईनं म्हणाले.

झालं. चाचांना म्हणायचं होतं की त्या साहेबांच्या नोकरांसाठी बांधलेल्या, आया आणि घोडेवाल्यांच्या खोल्या आहेत. पण पाहुण्याच्या तोंडावर 'नोकर' हा शब्द काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. आबांना वाटलं की उत्तम खोल्या बड्यांसाठी राखल्यात आणि आपल्याला धोतर बघून टाळतायत.

"का? आमच्यासाठी का न्हाईत?" आबांचा आवाज चढला. "आमी बी पाव्हणंच हाय की! पायजे तर त्याच पायजेत."

चाचांनी एकदा वर पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि किल्ली काढली. पहिल्या नंबरच्या खोलीचं दार लावताना त्यांचा हात कडीवर उगाच थांबला होता. मला त्यांची दया आली, आणि दया आली तरी हसू येतच होतं, हा माझा स्वभावच मेला तसा.

संध्याकाळी त्यांनी आमच्यासाठी चांदीच्या झाकणाखाली सूप पाठवलं. आबांनी ते पिऊन मिशा पुसल्या आणि निरोप दिला, "वरचं पानी झकास हाय, म्हनावं. आता आमटी पाठवा." मग आम्ही घरच्या भाकरी सोडल्या आणि बाजांवर आडवे झालो. डोळा लागता लागता शेजारच्या खोलीत कुणीतरी आल्याची खुडबुड ऐकू आली.

पहाटे मला सगळ्यांच्या आधी जाग आली. मार्गशीर्षाचे दिवस, भीमेवरून धुकं आलं होतं आणि कडुनिंबाचा शेंडाही दिसत नव्हता. तोंड धुवायला विहिरीवर गेले तर तिथं एक बाई दगडावर बसून काहीतरी धूत होती. माझ्या आईच्या वयाची, जाडं फिकट लुगडं, कपाळ मोकळं. जे धूत होती ते लांबच लांब, लालभडक. फेटा होता.

"एवढ्या पहाटे फेटा धुताय, मावशी?" मी विचारलं.

"काय करू बाय," ती म्हणाली. "पिळायला कुनी गावंना. जरा धर की एक टोक."

मी टोक धरलं. ती एकीकडून, मी दुसरीकडून, अशा आम्ही पिळू लागलो. रंग कच्चा होता. लाल पाणी आमच्या मनगटांवरून गळत होतं.

"नवा कोरा हाय की. मग धुता कशाला?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं, खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कुनाला सांगू नगंस. माझ्या दिराचा हाय. काल राती आलो, तर त्या म्हाताऱ्यानं आमाला आधी म्होरली मोठी खोली दिली. लाटसाहेबाची."

मी कान टवकारले.

"दीर म्हंजी लई सोवळं मानूस. फेटा कधी खाली ठेवत न्हाई. आत गेलं, आन् त्यांना गावलं एक पांढरं झाक आसन. लाकडी झाकनाचं. म्हनाले, बघा, साहेबानं फेटा ठेवायला सुदिक मखर केलंय. ठेवला की त्याच्यावर."

मी टोक सोडलं नाही, पण श्वास सोडला.

"मग वर बघितलं तर साखळी. म्हनाले, ही नोकराला बोलवायची. वढली. आवाज झाला, आभाळ फाटल्यागत! आन् त्यो म्हातारा खरंच पळत आला. दीर मला म्हनत्यात, बघा वहिनी, कशी येवस्था हाय, साखळी वढली की मानूस हजर!" तिचा आवाज आता चिरकू लागला होता. "मग त्या म्हाताऱ्यानं... हात जोडून... सांगितलं... फेटा कशावर..."

तिला पुढं बोलता आलं नाही. मलाही ऐकता आलं नसतं. आम्ही दोघी विहिरीच्या कठड्याला टेकून, ओल्या फेट्याची दोन टोकं हातात धरून, आवाज न करता हसत होतो. आवाज न करता हसणं फार वाईट, पोटात गोळे येतात. ती खाली बसली. मीही बसले. फेटा आमच्या दोघींमध्ये पडला आणि पुन्हा धुवावा लागला.

हसून संपल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "किती दिसांनी गं बाय. मला वाटलं, इसरले मी."

तिच्या तळहातांना लाल रंग लागला होता. तिनं हात उलटेपालटे करून पाहिले आणि तसेच मांडीवर ठेवले. मग मला म्हणाली, "आन् तू कशापायी आलीयास हितं?"

"आबांचं काम हाय. मला तर आज हसायचं सुदिक न्हाई. आईनं शपथ घातलीया."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, माझ्या नाकाला रंग लागलाय. तेवढ्यात बंद दारामागून कुणीतरी जोरात खाकरलं. ती फेटा गोळा करून उठली. जाता जाता म्हणाली, "शपथ पाळ बाय. पन आलंच हसू तर जीव नको घोटूस."

मी राखेनं हात घासले, चिंच लावली, पण रंग निघेना. आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मी थाप मारली, "कुंकू सांडलं." आई थोडी शांत झाली. म्हणाली, "शकुन हाय. झाकून बस."

कार्यक्रम दिवाणखान्यात होता. सकाळी भांडगावचा मामाही आला. मी खाली मान घालून आत गेले आणि मखमलीच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. समोर पाय दिसत होते. एक जोडी बुटांची, ती मुलाची. दुसरी जोडी करकरणाऱ्या पुणेरी जोड्यांची, ती काकांची. मी ठरवलं होतं, पायांवरून नजर वर न्यायचीच नाही. पायांत हसण्यासारखं काही नसतं.

काकांनी नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, मी मॅट्रिक म्हणाले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आईचा सुस्कारा मला ऐकू आला. आणि मग करकरणाऱ्या जोड्यांशेजारी गालिच्यावर एक लाल थेंब पडला.

मी तो थेंब पाहिला. थोड्या वेळानं दुसरा पडला. नजर हळूहळू वर गेली, माझ्या हातात ती राहिली नाही. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, पांढऱ्याशुभ्र भरघोस मिशा, आणि वर तो फेटा. धुक्यात वाळला नव्हता, तसाच बांधला होता. कानशिलावरून एक लाल ओघळ निघून गालावरून मिशीत शिरत होता आणि मिशी एका बाजूनं गुलाबी होत चालली होती. काका मात्र आब राखून ताठ बसले होते.

मी जीभ चावली. मेलेल्या माणसांची आठवण काढली. बिजवराचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्याच्या आठ्या मोजल्या. फडताळातला फोटो आठवला आणि मनातल्या मनात म्हणाले, बाई, आज तुझं आयुष्य या एका हसण्यावर आहे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबांना वाटलं, पोरगी लाजून रडतेय, आणि ते कौतुकानं मामाकडं बघू लागले.

"हात दाखव बरं," काका म्हणाले.

मी हात पुढं केले. पदर सुटला, तळवे उघडे पडले. लालभडक.

काका पुढं वाकले. मिशीतून एक थेंब माझ्या तळहातावर पडला आणि तिथल्या रंगात दिसेनासा झाला.

"वा," काका म्हणाले. "मेंदी काय झकास रंगलीया."

आतल्या दाराला जाड मखमली पडदा होता. त्याच्यामागून एक आवाज आला, नाकातून सुटलेला, उकळत्या पातेल्याचं झाकण उडावं तसा. मी ओळखला. मावशी! एका क्षणात मला सगळं कळलं. फेट्याचे धनी समोर आहेत, म्हणजे विहिरीवरची त्यांची वहिनी म्हणजे मुलाची आई. विधवा बाईनं शुभकामात पुढं यायचं नाही, म्हणून ती पडद्यामागं बसली आहे आणि फटीतून सगळं बघते आहे. पुन्हा तो आवाज आला, या वेळी दाबलेला नव्हता.

मग माझा बांध फुटला. शपथ, आई, बिजवर, सगळं वाहून गेलं. काका ताडकन उठले, त्या हिसक्यानं लाल थेंब चौफेर उडाले, आणि नेमके तेव्हा चाचा चहाचा ट्रे घेऊन आत आले. काकांचा गाल बघून किंचाळले, "या अल्ला! हुजूर, खून!" ट्रे टेबलावर आदळून ते मलम आणायला धावले. पडद्याआड आता हुंदक्यांसारखं हसणं चाललं होतं.

आबांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. आई भिंतीला टेकली. मी हसत होते आणि आतून मला धाय मोकलून रडू येत होतं, कारण गेलं, हेही गेलं, असं मला दिसत होतं.

मुलगा उठला. मला वाटलं, निघाला. पण तो दाराकडं गेला नाही, पडद्याकडं गेला. पडदा बाजूला केला. आत जमिनीवर त्याची आई बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून, आणि ते हात लाल होते. तो तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्या हातांकडं पाहिलं, मग काकांच्या गालाकडं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

"काका, बसा," तो म्हणाला. "मला पसंत हाय."

"आरं पन ही हसतीया!"

"व्हय," तो म्हणाला. "दोघीबी हसत्यात."

काकांनी गाल पुसला, बोटं पाहिली, माझे हात पाहिले, पडद्यामागचे हात पाहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की फेट्याची हकीकत मला ठाऊक आहे. दुपारी त्यांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "ही पोरगी आता आमच्याच घरात आली पायजे. बाहेर ऱ्हायली तर गावभर सांगंल."

माघात लग्न झालं. वरात शिरूरहून एस.टी.नं दौंडला आली, कारण पुढं कुर्डुवाडीची गाडी पकडायची होती. गाडीला अवकाश होता. चाचा स्वतः स्टेशनवर आले होते. म्हणाले, "आज मी ऐकणार नाही. दोन्ही घरांनी माझी पयली खोली नाकारली, बाबांच्या वक्तापासून असं कधी झालं नव्हतं. नवरा-नवरीनं घटकाभर बसून जावं. आणि आईसाहेबांनीपण."

आम्ही तिघं गेलो. चाचांनी पलंगावर शेवंतीची वेणी ठेवली होती आणि आम्हाला बसवून ते जे हसले ते पाहून मला बरं वाटलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खोलीभर फिरल्या. पडद्याला, आरशाला, मच्छरदाणीला हात लावून पाहिला. "मला तर इहिरीवरच कळलं हुतं," त्या मला म्हणाल्या. "न हसायची शपथ घालून पोरीला दुसऱ्या कशाला आनत्यात?" मग त्या कोपऱ्यातलं दार उघडून आत गेल्या आणि थोड्या वेळानं तो गडगडाट ऐकू आला. त्यामागून त्यांचं हसणं. टाकी भरेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा साखळी ओढली.

आम्ही दोघं पलंगाच्या कडेला, मध्ये हातभर अंतर ठेवून बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "दोन स्थळं गेली होती माझी. तुम्ही काय बघून हो म्हनाला?"

यांनी त्या बंद दाराकडं पाहिलं. "बाबा गेल्यापासनं आई हसलीच न्हाई," हे म्हणाले. "मला नोकरी लागली तवा पन न्हाई. त्या दिशी पडद्यामागनं हसू आलं, तर माझ्या आईचं हाय हे मला वळखायलाच आलं न्हाई. आत बघितलं आन् मग ठरवलं."

"आन् मी?"

"खरं सांगू? तुला मी नीट बघितलंच नव्हतं."

एरवी मी चिडले असते, मला चिडायला वेळ लागत नाही. पण आत तिसऱ्यांदा साखळी ओढली गेली आणि मागून पुन्हा ते हसणं आलं.

"मग आता बघा," मी म्हणाले आणि पदर मागं घेतला.

त्यांनी पाहिलं. अगदी निवांत, गाडीचं काही न पडल्यासारखं पाहिलं. कुणीतरी मला पाहत होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.